आधी पलंग खाली आणा

मूल पलंगावरून पडू नये म्हणून आपल्या घरांत जे उपाय होतात, ते बहुतेक एकाच जातीचे असतात. कडेला काहीतरी आडवं घालायचं. दोन्ही बाजूंना उशा लावायच्या, पायथ्याशी लोड टाकायचा, पलंग ओढून भिंतीला चिकटवायचा, आणि हल्ली ऑनलाइन मागवलेला जाळीचा कठडा गादीखाली खोचायचा. या सगळ्यात पलंगाच्या उंचीला कुणी हात लावत नाही. ती ठरलेलीच आहे असं धरून बाकीची धडपड चालते. माझं म्हणणं असं की सुरुवात तिथूनच व्हायला हवी. मूल कडेवरून पडतं हे खरं, पण त्याला लागतं ते उंचीमुळे. ही उंची काढून टाकणं बहुतेक घरांत शक्य असतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्यातून ज्या अडचणी येतात त्यांवर तोडगेही असतात. आडोसा उभा करण्यात मात्र एक धोका दडलेला आहे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो पडण्यापेक्षा कितीतरी गंभीर असतो आणि घडताना त्याचा आवाजही होत नाही.

आधी मुलं पडतात का ते पाहू. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळ कुशीवर वळायला, मग पालथं पडायला लागतं. पहिल्यांदा ते कधी वळेल हे कुणालाच सांगता येत नाही. काल संध्याकाळपर्यंत ठेवल्या जागी राहणारं बाळ आज सकाळी दुपटं बदलताना गर्रकन वळतं. वळता येत नसलं तरी टाचा रेटून आणि पाय झाडून ते वीतभर सरकू शकतं, म्हणून ‘अजून वळत नाही, ठेवा पलंगावर’ या बोलण्यात तथ्य नाही. कुकरची शिट्टी झाली, दारावर बेल वाजली, आई दोन मिनिटांसाठी उठली, एवढा अवधी पुरतो. आठव्या-नवव्या महिन्यात रांगणं सुरू होतं. तेव्हा बाळाला कड दिसते, पण तिच्यापलीकडे काय होईल याचा अंदाज नसतो. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत रात्रीची लोळणी सुरू होतात. उशाशी झोपवलेलं मूल पहाटे पायथ्याशी, आडवं, अर्धं बाहेर लोंबकळताना सापडतं. मोठ्या माणसाला झोपेतही कडेचं भान राहतं, ते या वयात अजून यायचं असतं. शिवाय बांध्याचा प्रश्न आहेच. नवजात बाळाच्या एकूण लांबीत डोक्याचा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो, मोठ्या माणसात तो एक अष्टमांशाच्या आसपास येतो. वजन वरच्या बाजूला, मान अजून कच्ची आणि हात टेकवून स्वतःला सावरायची सवय नाही. त्यामुळे लहान मूल पडतं तेव्हा पुष्कळदा डोकंच आधी टेकतं.

आता उंचीचा हिशेब. सामान घालायच्या खणांचा आजचा बॉक्स पलंग आणि त्यावरची जाड गादी धरली, तर झोपायची पातळी जमिनीपासून सहज ६० सेंटीमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर जाते. एवढ्यावरून पडणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर असतो. पातळी २० सेंटीमीटरवर आणली तर हा वेग ७ किलोमीटरवर येतो, आणि आघातात जिरणारी ऊर्जा उंचीच्या प्रमाणात घटत असल्यामुळे ती थेट एक तृतीयांश होते. खाली जमीन कसली आहे, यालाही तेवढंच महत्त्व आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडणं आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर किंवा ग्रॅनाइटवर पडणं यांत फार फरक आहे, कारण कडक फरशी जराही दबत नाही आणि सगळा आघात क्षणात कवटीकडे परत येतो. गेल्या दोन पिढ्यांत आपल्याकडे हे दोन्ही बदल एकदमच झाले. झोपायची जागा वर गेली आणि खालची जमीन टणक झाली. पूर्वी बैठकीच्या खोलीत रात्री सतरंजीवर गाद्या पसरायच्या आणि सकाळी वळकट्या करून कोपऱ्यात रचायच्या, ही रीत चाळीत होती तशी वाड्यातही होती. त्या घरांत पलंगावरून पडण्याची काळजी फारशी नव्हती, कारण पडायला उंचीच नव्हती.

उंचीचं महत्त्व हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. १९७७ साली रे हेल्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. पलंगावरून, खाटेवरून पडलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या २४६ मुलांची माहिती त्यात होती. त्यांतली काही घरी पडली होती, काही रुग्णालयातल्या खाटेवरून. या अभ्यासामागचं कारण अस्वस्थ करणारं आहे. मारहाण झालेली मुलं दवाखान्यात आणली की ‘पलंगावरून पडलं’ असं सांगितलं जाई, आणि बालछळाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या हेल्फर यांना हे तपासायचं होतं की खरोखर पलंगावरून पडलेल्या मुलाला कितपत लागतं. उत्तर असं निघालं की बहुतेकांना काहीच झालं नव्हतं किंवा टेंगूळ, खरचटणं एवढ्यावर निभावलं होतं. हाड मोडलेली मुलं मोजकी होती आणि जिवावर बेतणारी इजा कुणालाच नव्हती. पुढे २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांतल्या ४२ हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीतून डोक्याच्या माराबाबतचे नियम तयार झाले. डोक्याचा सीटी स्कॅन कुणाचा करावा आणि कुणाचा टाळता येईल, हे ठरवताना डॉक्टर आज ते वापरतात. त्यांत दोन वर्षांखालच्या मुलासाठी तीन फुटांहून, म्हणजे सुमारे ९० सेंटीमीटरहून जास्त उंचीवरून पडणं हे गंभीर मानलं आहे. दोन वर्षांवरच्या मुलासाठी ही मर्यादा पाच फूट आहे. उंच पलंगावर जाड गादी आणि तिच्यावर उभं राहून उड्या मारणारं दीड वर्षाचं मूल, असं चित्र असेल तर डोक्याची पातळी या रेषेच्या बरीच वर गेलेली असते. जमिनीवरच्या गादीवरून लोळून खाली येणारं मूल या रेषेच्या जवळपासही नसतं.

म्हणजे साध्या पलंगावरून पडणं हे बहुधा भीतीदायक आणि क्वचितच घातक असतं. आता त्यापासून वाचवायला आपण जे उभारतो त्याकडे पाहू. आधी उशा. तान्ह्या बाळाला उशीचा बांध अडवत नाही, कारण जोर लावला की उशी सरकते आणि तिच्यासकट बाळ खाली जातं. त्याहून वाईट शक्यता म्हणजे बाळ उशीला तोंड लावून पडतं आणि तोंड बाजूला करण्याएवढी ताकद त्याच्या मानेत नसते. मऊ कापूस किंवा फोम नाकाशी दाबला गेला की श्वास कोंडतो आणि बाळाला रडताही येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या आपल्या शिफारशींत पुन्हा बजावून सांगितलं की वर्षाखालच्या बाळाला उताणं, घट्ट आणि सपाट पृष्ठभागावर झोपवावं आणि भोवती उशा, जाड पांघरुणं, मऊ खेळणी काहीही ठेवू नये. त्याच वर्षी त्या देशाने पाळण्याच्या आतून लावायच्या मऊ गाद्यांच्या पट्ट्यांवर कायद्यानेच बंदी घातली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे दिली जाणारी मोहरीची उशीसुद्धा झोपेत काढूनच ठेवावी.

दुसरा उपाय भिंतीचा. पलंग भिंतीला लावला की एक बाजू सुरक्षित झाली असं वाटतं. पण पलंग रोज थोडाथोडा सरकतो. गादी आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट पडते, चादरीने ती झाकलेली राहते. त्या फटीत बाळाचं धड पायांकडून उतरतं आणि डोकं वर अडकतं, किंवा छाती दाबली जाऊन श्वास थांबतो. गादीखाली खोचायच्या कठड्याचंही तसंच आहे. दुकानात तो गादीला घट्ट चिकटलेला दिसतो, घरच्या जाड आणि मऊ गादीवर बाळ कडेला लोळलं की गादी दबते, कठडा बाहेर झुकतो आणि मध्ये तीच फट तयार होते. अमेरिकेत अशा कठड्यांमध्ये अडकून बालमृत्यू झाले. २०१२ मध्ये त्यांच्यासाठी सक्तीचं मानक आलं. त्यानुसार हे कठडे आपलं आपण पलंगावर चढू-उतरू शकणाऱ्या, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असतात, त्याहून लहान बाळांसाठी नाहीत. आपल्याकडे मात्र सहा महिन्यांच्या बाळासाठी ते हौसेने विकत घेतले जातात. घेणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो, म्हणून तर ही गोष्ट स्पष्ट बोलणं मला गरजेचं वाटतं. बाळ पडलं तर धप्प आवाज होतो, ते रडतं, घर जागं होतं. फटीत अडकलेलं बाळ कुणालाही हाक मारू शकत नाही.

म्हणून पहिली दोन-अडीच वर्षं गादी जमिनीवर असावी, हा माझा आग्रह. पलंग खोलून ठेवता आला तर उत्तम, नाही तर त्याच खोलीत वेगळं अंथरूण घालावं. गादी घट्ट हवी. तळहाताने दाबून हात उचलला की खळगा राहता कामा नये. नुकत्याच पिंजून भरलेल्या कापसाची पातळ गादी या कामाला चांगली, जाड मऊ फोमची नको. ती भिंतीपासून हातभर लांब ठेवावी, आणि अगदी चिकटवायचीच असेल तर रोज रात्री फट तपासावी. कडेने दुपदरी सतरंजी किंवा खेळायची फोमची चटई अंथरली की लोळून खाली आलेलं मूल बहुधा जागंही होत नाही. बाळाला स्वतःचं छोटं अंथरूण आईच्या शेजारी, पण वेगळं असावं. एका खोलीत, वेगळ्या अंथरुणावर, असं किमान पहिले सहा महिने झोपवावं अशी तज्ज्ञांची शिफारस आहे आणि जमिनीवर ती पाळणं पलंगापेक्षा सोपं जातं. आईबाबांच्या मध्ये झोपवलं की पडत नाही, हे खरं नाही. ते पायथ्याकडून उतरतं. शिवाय मोठ्या माणसाचा हात किंवा पांघरूण बाळावर येण्याची भीती राहते ती वेगळीच. हा विचार नवा मुळीच नाही. बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांनी मुलाचं अंथरूण जमिनीलगत असावं, म्हणजे त्याला आपलं आपण जाता-येता येईल, असा आग्रह धरला होता. जपानी घरांत तातामी चटयांवर रोज रात्री अंथरूण घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते सगळे झटकून टाकण्यासारखे नाहीत. ओलीचा आक्षेप खरा आहे. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर जमिनीला घाम येतो, गादी खालून दमट होते आणि तिला बुरशी धरते. त्यावर उपाय म्हणजे खाली प्लास्टिकची विणलेली चटई घालणं आणि गादी रोज सकाळी उभी करून वारा देणं. चार बोटं उंचीची फळ्यांची चौकट मिळाली तर आणखी बरं, हवा खालून खेळती राहते आणि उंचीही फारशी वाढत नाही.

विंचू-सापांचा आक्षेप मात्र याहून गंभीर आहे. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश इतका कमी दुखतो की झोपलेल्याला कळतही नाही. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर आघात करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत त्याने अनेक मुलं दगावत. आता उपचार आहे, पण म्हणून धोका पत्करायचं कारण नाही. मातीच्या भिंती, कौलं, घरालगत लाकूडफाटा किंवा धान्याची कणगी असलेल्या घरात मूल उघड्यावर जमिनीवर झोपवू नये, हे मी निःसंदिग्धपणे सांगेन. तिथे मच्छरदाणी हवी आणि तिच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेल्या हव्यात. नेपाळच्या तराईतल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं आढळलं आहे, आणि डासांपासून संरक्षण मिळतं ते वेगळंच. तेवढ्यानेही भरवसा वाटत नसेल तर चारही बाजूंनी पक्क्या दांड्या असलेली बाळाची खाट वापरावी. तिच्या दोन दांड्यांमधलं अंतर सहा सेंटीमीटरहून जास्त नसावं, नाही तर बाळाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. सुताराकडून करून घेताना पट्टी लावून हे मोजावं. गादी चौकटीत गच्च बसलेली हवी आणि एक बाजू खाली सरकणारी नको. तशा सरकत्या बाजूंच्या खाटा अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे. जाळीचा कठडा आणि अशी खाट यांत फरक हाच, की दुसरी मुळापासून त्या कामासाठी बांधलेली असते.

बाळंतिणीची अडचण हा आणखी एक न्याय्य आक्षेप. सिझेरियन झालेल्या बाईला रात्रीतून चार-पाच वेळा जमिनीवरून उठायला लावणं क्रूरपणाचं आहे, आणि आजीच्या गुडघ्यांनाही ते झेपणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत, बाळ वळायला लागायच्या आधी, पलंगाशेजारी ठेवलेला पक्का लाकडी पाळणा किंवा छोटी खाट हा मार्ग योग्य. मात्र बाळ कुशीवर वळू लागलं की झुलणाऱ्या पाळण्याचा काळ संपतो, कारण ते एका बाजूला गेलं की पाळणाही कलतो. साडीच्या झोळीचंही तसंच. तिच्यात तर हनुवटी छातीला टेकून श्वास अडायची भीती पहिल्या दिवसापासूनच असते. बाळ वळायला लागेपर्यंत आईही बऱ्यापैकी सावरलेली असते. तेव्हाही जमिनीवर बसणं जमत नसेल तर पलंगाचे पाय कापून किंवा बुटकी चौकट करून पातळी फूटभरावर आणावी. पूर्ण नाही तर अर्धा लाभ होतोच.

जमिनीवर झोपणारं मूल रात्री उठून घरभर फिरेल, ही शंकाही रास्त आहे. फिरेलच. म्हणून खोली त्याच्या उंचीवरून, गुडघ्यांवर बसून एकदा पाहावी. खालचे प्लगपॉइंट, चार्जरच्या वायरी, ओढल्यास अंगावर येणारं कपाट, आणि मुख्य म्हणजे न्हाणीघरातली भरलेली बादली. वीतभर पाण्यातही मूल बुडू शकतं, तेव्हा बादली रात्री पालथी आणि न्हाणीघराचं दार बाहेरून कडीबंद. खिडकीलगतचा पलंग तर मुलाला कठड्यावर चढायची पायरीच होतो. इमारतीत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी तो आधी हलवावा आणि खिडकीला ग्रिल आहे ना ते पाहावं. ही सगळी कामं पलंग उंच ठेवला तरी करावीच लागतात, कारण दीड वर्षाचं मूल पलंगावरून उतरणं तसंही शिकतं.

राहिला ‘पडल्याशिवाय मूल शिकत नाही’ हा आक्षेप. मुलाने पडावं, अंगणात, वाळूत, दोन पायऱ्यांवरून जरूर पडावं. झोपेत पडलेलं मूल मात्र त्यातून काहीही शिकत नाही. उतरायचं शिकवायचं असेल तर ते जागेपणी शिकवता येतं. रांगतं मूल कडेशी आलं की त्याला हलकेच फिरवून पालथं करायचं, पोट गादीवर, पाय बाहेर, आणि पाय फरशीला टेकेपर्यंत मागे सरकू द्यायचं. ‘पाय आधी’ असं दर वेळी म्हणत हे काही दिवस केलं की मूल कडेशी येऊन स्वतःच वळायला लागतं. बुटक्या अंथरुणावर ही तालीम निर्धास्तपणे करता येते, उंच पलंगावर ती करू देण्याचं धाडस होत नाही.

इतकं करूनही मूल कधीतरी पडेल. लगेच मोठ्याने रडलं आणि कुशीत घेतल्यावर शांत झालं, तर ते चांगलं लक्षण. टेंगुळावर कापडात गुंडाळलेला बर्फ धरावा, ते जोराने चोळू नये, तेल-तुपाने रगडू नये. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तर काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना दाखवावं. बेशुद्ध पडणं, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, कपाळाऐवजी डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली मऊ सूज, दूध न पिणं, उठवूनही नीट जागं न होणं, किंवा आईला ‘हे नेहमीसारखं नाही’ असं वाटणं, यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नये, १०८ ला फोन करावा. आईच्या त्या वाटण्याला डॉक्टरांच्या नियमातही स्थान आहे, म्हणून ते बोलून दाखवायला संकोचू नये. नेहमीच्या झोपेच्या वेळी मूल झोपलं तर झोपू द्यावं, पण पहिले काही तास अधूनमधून हाक मारून पाहावी.

तीन वर्षांच्या आसपास मूल मोठ्या पलंगावर जाऊ शकतं, आणि कठडा लावायचा असेल तर त्याचं वय तेव्हाचं आहे. दुमजली पलंग घेणाऱ्यांनी वरची जागा सहा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. तिथला कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान पाच इंच वर हवा. जुनी पातळ गादी काढून जाड गादी घातली की हे अंतर कमी होतं, ते नव्याने मोजावं. रेल्वेच्या प्रवासात खालचाच बर्थ मागून घ्यावा आणि लहान मुलाला आतल्या बाजूला घ्यावं. २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेला, घडी होणारा बाळाचा बर्थ प्रायोगिक म्हणून बसवला होता. गावी किंवा पाहुण्यांकडे गेल्यावर उंच पलंग पुढे केला जातो तेव्हा यजमानांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नये. खाली एक गादी मागावी, ती सगळ्यांच्या घरी असते.